पुराच्या खुणांवरून चालत: जुन्या नाशकात हेरिटेज वॉक आखताना

नाशिकला येणाऱ्या पाहुण्यांचा फेरा ठरलेला असतो. सकाळी रामकुंड, मग काळाराम, सीतागुंफेची रांग आणि तिथून गाडी थेट त्र्यंबकला. वेळ उरलाच तर द्राक्षमळे. गोदाकाठचं जुनं गाव या फेऱ्यात येतच नाही. नव्या वसाहतींत राहणारे आम्ही आजही "जरा गावात जाऊन येते" म्हणतो, ते हे गाव. मुंबईच्या एका वाचनगटाने "अर्धा दिवस पायी फिरवून नाशिक दाखवाल का?" असं विचारलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. माझी एक वास्तुविशारद मैत्रीण सोबत आली. वॉक थंडीत व्हायचा होता, पण आखणीला आम्ही भर पावसाळ्यात बसलो, आणि ते फार बरं झालं.

आमची पहिली यादी लांबलचक होती. पांडवलेणी, तपोवन, फाळके स्मारक, 1840 साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, इंग्रज कलेक्टर जॅक्सनचा वध झाला ते विजयानंद थिएटर, सोमेश्वर, गंगापूर गाव, सगळं तीत होतं. पांडवलेणी गाळताना मला जड गेलं. चोवीस लेणी, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा तो लांबच्या लांब शिलालेख, क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाने दिलेल्या दानांच्या नोंदी. या शहराचं सर्वांत जुनं बोलणं तिथे कोरलेलं आहे. पण ती डोंगरावर आहेत, गावापासून लांब. गाडीने जा, पायऱ्या चढा, उतरा, यात सकाळ संपते. त्या लेण्यांना स्वतंत्र दिवस द्यायला हवा. तपोवनाचंही तसंच. मग उरलेल्या जागा नकाशावर मांडल्या, तर त्या सगळ्या नदीच्या दोन्ही काठांवर गर्दी करून बसलेल्या. प्रत्येक जागेला तिची गोष्ट होती, पण एकीतून दुसरीकडे जायला धागा नव्हता. तीस देवळं एकामागून एक दाखवली की पाहणाऱ्याच्या डोक्यात एकही राहत नाही, हे मी घरच्या पाहुण्यांवरून जाणून आहे.

धागा मिळाला तो पावसाने. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि आमच्या व्हॉट्सअॅपवर नेहमीचे निरोप सुरू झाले. बातम्यांत क्युसेकचे आकडे येत होते. पण गावातली माणसं विचारत होती, "दुतोंड्याच्या कुठवर आलं?" रामकुंडाजवळ नदीपात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, पुढूनही मारुती आणि मागूनही मारुती. त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं की काठावरचे टपरीवाले सामान हलवतात. कमरेला लागलं की भांडीबाजारातली दुकानं खालचा माल वर चढवतात. छातीला लागलं की जुनी माणसं 1969 च्या गोष्टी काढतात. त्याच्या वरचं माप म्हणजे नारोशंकराच्या देवळाची घंटा. आणि त्याहून वरचं, सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या पायऱ्या. 1969, 2008, 2016, 2019 हे पूर गावातल्या कुणालाही विचारा, तो साल सांगून लगेच पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवेल.

त्या रात्री मैत्रिणीने फोन केला आणि म्हणाली, "अगं, आपला रस्ता तर पाण्यानेच आखून ठेवलाय." खरंच होतं ते. वर टेकाडावर सुरुवात करायची, जिथे पूर कधी पोहोचत नाही. तिथून पुराच्या एकेका खुणेवरून खाली उतरत नदीत यायचं, नदी ओलांडायची आणि पंचवटीकडे पुन्हा वर चढायचं. कोण उंचावर राहिलं, कोण पाण्याजवळ, कुठला बाजार कुठे बसला, देऊळ बांधताना जोतं किती उंच घेतलं, हे सगळं त्या उतारावर चालताना आपोआप दिसतं. तारीखवार इतिहास सांगायचा मोह आम्ही तिथेच सोडला.

जुनं नाशिक टेकाडांवर वसलंय हे गाडीतून कळत नाही. पायी चाललं की पोटऱ्यांना कळतं. तिवंधा चौकातून सुरुवात करायची हे ठरवलं ते दोन कारणांनी. एक, चौक उंचावर आहे. दुसरं, तिथे रस्त्याखाली रहाड आहे. रंगपंचमीला नाशकात जे होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. पेशवाईपासून चालत आलेले दगडी हौद रस्त्याच्या पोटात आहेत. वर्षभर ते लाकडी ओंडके, फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून रहदारी चालू असते. रंगपंचमीच्या आधी ते उघडायचे, पूजा करायची, रंग उकळून भरायचा, आणि मग माणसं त्यात 'धप्पा' मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाज्याची केशरी, पंचवटीत शनी चौकातली गुलाबी. आमचा वॉक मार्गशीर्षात. म्हणजे पाहायला काय, तर डांबरी रस्ता. तरी मी आग्रहाने तिथूनच सुरुवात ठेवली. पायाखाली काय आहे हे सांगून माणसाला काही क्षण त्या जागेवर उभं केलं की तो पुढे सगळीकडे जमिनीकडे बघत चालतो, आणि या गावात जमिनीकडे बघत चालायलाच हवं.

रहाड नेमकी कुठून कुठवर आहे ते आम्हाला चौकातल्या एका आजोबांनी दाखवलं. काठी टेकत त्यांनी रस्त्यावर चारही कोपरे आखले. "इथं उभी राहा पोरी," म्हणाले, "आता तू काठावर आहेस." त्यांच्या तरुणपणी रंग कशाकशाचा करत, किती लाकूड जाळत, पहिला मान कुणाचा, सगळं त्यांनी सांगितलं. आम्ही त्यांना वॉकच्या दिवशी बोलावलं. "माझं काय, मी इथंच असतो," म्हणाले. आम्ही वाचून जे सांगू शकलो असतो ते त्यांच्या काठीच्या त्या चार टोकांपुढे काहीच नव्हतं.

जुनी तांबट आळी जवळच. इथे वेळेचा पेच आला. आम्हाला सकाळचं कोवळं ऊन हवं म्हणून सातला निघायचं होतं. तांबे-पितळेच्या कामासाठी नाशिकचं नाव, आळीत ठोक्यांचा आवाज ऐकू यायलाच हवा. आता हातकाम करणारी घरं थोडी उरली आहेत, त्यातल्या एका कारागिराकडे गेलो. ते घंगाळाला मठार करत होते. घडवून झालेलं भांडं लोखंडी दांड्यावर उपडं धरायचं, एका हाताने कणाकणाने फिरवत न्यायचं आणि दुसऱ्या हातातल्या गोल तोंडाच्या हातोडीने ठोका टाकत जायचं. एका ठोक्याची खूण दुसऱ्याला चिकटून पण तिच्यावर न चढता बसते. त्याने भांडं चमकतं, हे आपल्याला दिसतं. मूळ कारण वेगळं. ठोकून ठोकून पत्रा घट्ट होतो, त्याला ताकद येते. त्यांचं बोलणं चालू होतं, हात थांबत नव्हता आणि नजर भांड्यावरून हलत नव्हती.

"सात वाजता कसं ठोकणार ताई? शेजारी झोपलेले असतात," ते म्हणाले. "नऊनंतर या, मी कामावर बसलेलाच असतो." झालं, आमची सगळी वेळ त्यांच्या नऊवर बेतली. आमच्यासाठी त्यांनी मुद्दाम काही करून दाखवावं असं आम्हाला मुळीच नको होतं. त्यांचं काम चालू असताना आम्ही दारातून बघून पुढे जायचं, एवढंच. ज्याला भांडं घ्यायचं असेल त्याने परतीच्या वाटेवर घ्यावं.

आठला चौकात जमायचं, नऊला तांबट आळी, असं ठरल्यावर मधला तास वाड्यांना मिळाला. गावातले वाडे हा दुखरा विषय आहे. दर पावसाळ्यात कुठला ना कुठला वाडा ढासळल्याची बातमी येते. खाली भाजक्या विटेचं किंवा दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाच्या खांब-तुळ्यांचा सांगाडा. या बांधणीला नियमित निगा लागते. छपराची कौलं दरवर्षी चाळायला हवीत. पाणी एकदा तुळईच्या टोकात शिरलं की भिंतीतलं टोक कुजतं, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. वारसदार पंधरा, भाडेकरू आठ, भाडं जुनं, डागडुजी कुणी करायची यावर एकमत नाही. अशा वाड्यात लोकांना नेऊन "पाहा किती सुंदर नक्षी" म्हणणं मला बरोबर वाटत नव्हतं. तिथे राहणाऱ्यांच्या डोक्यावर तीच तुळई असते.

म्हणून नियम केला. बाहेरून पाहायचे ते वाडे कितीही. आत जायचं फक्त एकाच वाड्यात, तेही घरच्यांनी स्वतः बोलावलं तर. तशा एक काकू भेटल्या. दिंडी दरवाज्यातून वाकून आत गेलो की चौक, चौकात तुळस, एका बाजूला ओसरी, मागे माजघर. ओसरीच्या एका खांबावर काकूंनी बोट ठेवलं. खांबाच्या दगडी तळखड्यापासून हातभर उंचीवर लाकडाचा रंग एकदम बदललेला. "एकोणसत्तरचं पाणी," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी कधी पुसू दिलं नाही." वाडा टेकाडाच्या उतारावर होता, पाणी तिथवर आलं होतं. आम्ही तो खांब वॉकमधला पुराचा पहिला टप्पा केला. लोकांना बारा-बाराच्या दोन तुकड्यांत आत सोडायचं, चपला बाहेर, स्वयंपाकघराकडे कॅमेरा न्यायचा नाही, हे काकूंशी बोलून पक्कं केलं. त्यांना मानधन देऊ केलं तर रागावल्या. त्यांच्या घरच्या देवापुढे नारळ ठेवायचा, यावर तह झाला.

तांबट आळीतून उतरलं की दहीपूल. पूल म्हटल्यावर माणूस खाली बघतो, तर खाली रस्ताच. सरस्वती नावाचा ओहोळ इथून गोदेकडे जायचा, तो आता झाकलेला आहे. पण पाणी वाट विसरत नाही. जोराचा पाऊस झाला की गोदेला पूर नसतानाही दहीपूल आणि सराफ बाजार गुडघाभर पाण्यात असतो. दुकानांच्या उंबऱ्यांना पाट्या लावायच्या खाचा असतात, त्या मुद्दाम दाखवायच्या असं ठरवलं. साडेनऊच्या सुमाराला सराफी पेढ्या बंद असतात, गल्ली मोकळी असते, वरच्या मजल्यांचे सज्जे नीट बघता येतात. अकरानंतर इथे मान वर करून उभं राहिलात तर मागचा हॉर्न वाजवतो.

सरकारवाडा हा पेशवेकालीन वाडा. दगडी जोतं, वर कोरीव लाकूडकाम, आणि समोर त्या पायऱ्या. आता तो राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे. आत काय बघायला मिळेल हे त्या दिवशी काय उघडं आहे त्यावर ठरतं, म्हणून आम्ही आतल्या भागावर भिस्त ठेवली नाही. पायऱ्या पुरेशा होत्या. नदी इथून दिसतसुद्धा नाही. पायरीवर बसवून लोकांना विचारायचं, की इथे पाणी आलं तर मधल्या बाजाराचं काय झालं असेल? हा प्रश्न मैत्रिणीने शोधला आणि तो वॉकमधला सर्वांत चांगला प्रश्न ठरला, कारण पुढचा सगळा उतार माणसं तेच मोजत उतरतात.

इथून एक फाटा काझीच्या गढीकडे जातो. गढी म्हणजे नदीकाठी उभं राहिलेलं मातीचं उंच टेकाड. 1950-51 मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशकात उत्खनन केलं ते या मातीच्या गढीवर. थरावर थर वस्ती, सातवाहनांच्या आधीपासूनची. आज त्याच गढीवर घरं आहेत आणि प्रत्येक पावसाळ्यात कडा ढासळतो. इथल्या लोकांना पावसाळ्यात हलवण्यावरून दरवर्षी बोलणं होतं. आम्ही वर जायचं नाही असं ठरवलं. वर जागा नाही आणि माणसांच्या भीतीवर उभं राहून पुरातत्त्व सांगू नये. खालून, घाटावरून गढी दाखवायची. कड्याच्या उभ्या छेदात राखेचे काळे पट्टे आणि खापऱ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यांच्याही वर पत्र्याची घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे. दोन हजारांहून जास्त वर्षं माणसं याच उंचीवर राहतायत, कारण खाली पाणी येतं.

घाटावर आलो की बोलण्यासारखं इतकं आहे की थांबवावं लागतं. गोदावरी त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरीहून निघते, पूर्वेकडे येते आणि रामकुंडाशी दक्षिणेकडे वळते. त्या वळणामुळे इथल्या तीर्थाचं महत्त्व. पात्रात एकामागून एक कुंडं: रामकुंड, सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, अहिल्याकुंड, शार्ङ्गपाणी कुंड, मुक्तेश्वर कुंड, आणखीही. साताऱ्याकडच्या खटावच्या एका जमीनदाराने रामकुंड बांधून घेतलं ते 1696 साली. पुढे 1782 मध्ये गोपिकाबाई पेशव्यांनी त्याची दुरुस्ती केली. माधवरावांच्या या मातोश्रींचं उतारवय नाशकातच गेलं. कुंडांच्या तळाशी जिवंत झरे होते, असं गावातली वडीलधारी माणसं सांगतात. 2003 च्या सिंहस्थाआधी पात्रात काँक्रीटचा थर पडला. झरे बुजले, नदी उन्हाळ्यात डबक्यासारखी झाली, आणि हे काँक्रीट काढावं म्हणून नाशिककर वर्षानुवर्षं भांडतायत. थोडं निघालंही. वॉकमध्ये हे सांगायचं की नाही यावर आमची चर्चाच झाली नाही. नदीच्या वारशाबद्दल बोलायचं आणि नदीच्या तळाबद्दल गप्प बसायचं, हे आम्हा दोघींनाही जमणारं नव्हतं.

अवघड होतं ते रामकुंड. इथे लोक अस्थी घेऊन येतात. शेजारी दशक्रियेचे विधी चालू असतात. कुणी नुकतं डोकं भादरलेलं, कुणी ओल्या पंच्यात बसून पिंड करतंय. पंचवीस माणसांचा घोळका तिथे फोन वर करून उभा राहिला तर त्याहून वाईट काही नाही. मी एका तीर्थपुरोहितांना जाऊन भेटले. घरात भिंतभर लाल कापडात बांधलेल्या नामावळीच्या वह्या. कोण यजमान कधी आले, कुठल्या गावाहून, सोबत कोण, कुणाच्या अस्थी, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात. माझ्या माहेरचं गाव सांगितलं. त्यांनी गाठ सोडली, पानं उलटली. आडव्या लांबट पानावर आधी मोडी, मग बोरूची बाळबोध, मग निळ्या शाईचं पेन, आणि त्या पेनाखाली माझ्या आजोबांची सही. त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते ते. र चा फाटा लांब ओढायची त्यांची सवय मला माहीत होती. काही वेळ मला बोलता आलं नाही.

गुरुजी म्हणाले, "तुमच्या लोकांना इथे आणा, पण त्यांना आधी सांगा की या देवळात देव माणसाच्या दुःखाजवळ असतो." मग त्यांनीच उपाय सुचवला. गटाने कुंडाजवळ थांबायचंच नाही. जे सांगायचं ते कपालेश्वराच्या पायऱ्यांवर सांगायचं. तिथून सगळा घाट दिसतो आणि कुणाच्या विधीत आपण येत नाही. रामकुंडावरून जाताना फोन खिशात, आवाज बंद, न थांबता चालायचं. ज्याला हात-पाय धुवायचे, दिवा सोडायचा, त्याने नंतर एकट्याने जावं.

कपालेश्वराच्या पायऱ्या खरोखर मोक्याच्या निघाल्या. या महादेवापुढे नंदी नाही. शंकराने नंदीला गुरू मानलं म्हणून तो समोर बसत नाही, अशी कथा. समोरच्या काठावर, अहिल्याबाई होळकर पुलाशी, 1756 साली गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेलं सुंदरनारायणाचं देऊळ. वैकुंठ चतुर्दशीला या दोन देवांची हरिहर भेट होते, हराचा बेल हरीला आणि हरीची तुळस हराला. सुंदरनारायणाच्या जीर्णोद्धाराचं काम पाहता ते आम्ही चालण्यात घेतलं नाही, पण या पायऱ्यांवरून दोन काठांमधलं नातं सांगता येतं. खाली गंगा-गोदावरीचं देऊळ, त्यातलं गंगेचं दार बारा वर्षांनी सिंहस्थातच उघडतं. तेही इथूनच दाखवायचं.

नारोशंकराच्या देवळाला मात्र भरपूर वेळ ठेवला. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 मध्ये बांधलेलं हे रामेश्वराचं देऊळ अगदी पाण्याच्या काठावर आहे आणि ते बांधणाऱ्यांना पूर ठाऊक होता. भोवती तटासारखी भिंत. तटाच्या चार कोपऱ्यांवर चार मेघडंबऱ्या होत्या. त्यातली एक पुरात गेली, तीन उरल्या. प्रवेशाच्या वर प्रचंड घंटा. तिच्यावर 1721 हे साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या विजयातली ही पोर्तुगीज घंटा असं मानतात. भीमाशंकरला, मेणवलीला तिच्या बहिणी आहेत. चर्चमध्ये वाजायची ती घंटा महादेवाच्या दारात आली आणि पुढे गावाला पुराचं माप झाली. ही गोष्ट सांगायला मला कुणाच्याही मदतीची गरज लागत नाही. पाणी घंटेला लागलं म्हणजे काय, हे खाली उभं राहून मान मागे टाकल्याशिवाय समजत नाही. सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं.

काळाराम शेवटी ठेवायचा हे आधीपासून ठरलेलं. तिथे काय सांगायचं यावर वाचनगटातल्या काहींशी फोनवर बरीच चर्चा झाली. "वास्तूबद्दल सांगा, बाकीचं सगळ्यांना माहीत असतं," असं एकाचं म्हणणं. वास्तू सांगण्यासारखी आहेच. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला हे देऊळ उभं केलं. दगड आणला रामशेजजवळून, औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न देणारा तो रामशेज किल्ला. काळ्या पाषाणातल्या राम, लक्ष्मण, सीतेच्या मूर्ती, भोवती ओवऱ्या, स्वतंत्र सभामंडप. पण या देवळाच्या दारांचा इतिहास माहीत नसताना दारातून आत जाणं मला मान्य नाही. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मंदिरप्रवेशाच्या हक्कासाठी मिरवणुकीने या दारांशी आली. दादासाहेब गायकवाड आणि जिल्ह्यातले कार्यकर्ते आखणीत पुढे होते. दारं बंद होती. मिरवणूक तिथून गोदेच्या घाटावर गेली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून दारांपुढे सत्याग्रह सुरू झाला. 9 एप्रिलला रथयात्रेच्या दिवशी रथ सगळ्यांनी मिळून ओढायचं ठरलं असताना दगडफेक झाली. हा लढा सुमारे पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

मी ठामपणे सांगितलं, की हे सांगायचं आणि देवळात शिरण्यापूर्वी, दाराबाहेर सांगायचं. एवढंच नाही, त्यामुळे आम्ही वॉकचा शेवट बदलला. काळारामाला संपवून रिक्षा करायच्या असं आधी ठरलं होतं. त्याऐवजी दर्शन झाल्यावर सगळ्यांनी पुन्हा घाटावर उतरायचं, ती मिरवणूक उतरली तसं. ज्यांना तेवढा उतार जमणार नाही त्यांच्यासाठी पूर्व दरवाज्याशी रिक्षा. सीतागुंफा गाळली. वाकून, बसून जायच्या त्या वाटेत सत्तरीतल्या लोकांना नेणं शक्य नव्हतं आणि रांगेत तास गेला असता.

बाकीच्या बाबी भराभर सांगते, कुणाला उपयोगी पडतील म्हणून. बुधवार टाळा. त्या दिवशी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आठवडे बाजार असतो. तो वेगळा पाहण्यासारखा आहे, पण त्यातून गट घेऊन निघणं कठीण. एकादशी, अमावास्या, पितृपक्षही नको. गटात पंचवीसहून जास्त माणसं घेऊ नका. मागे एक माणूस ठेवा, गल्ल्यांत हमखास कुणीतरी रेंगाळतं. लाऊडस्पीकर नको, थांबून बोला. स्वच्छतागृह कुठे आणि चालू स्थितीत आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. विशेषतः बायकांसाठी. आम्ही त्यासाठी भांडीबाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदारांच्या घरी सोय केली. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चामड्याच्या तळव्याच्या चपला नकोत. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांमुळे गावातले रस्ते कधीही खोदलेले सापडतात. प्रत्येक टप्प्याला दुसरी गल्ली हाताशी ठेवा. न्याहारी मधे ठेवू नका, मिसळ खाल्ल्यावर कुणी चालत नाही. चहा सराफ बाजारात, मिसळ शेवटी.

वॉक झाला. तिवंध्यातले आजोबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि त्यांनी आम्हाला बोलूच दिलं नाही. सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर विचारलेल्या प्रश्नावर दोन काकांत पैज लागली आणि नारोशंकराच्या घंटेखाली ती सुटली. काळारामाच्या दाराबाहेर गटातल्या एक बाई पुढे आल्या. त्यांचे आजोबा त्या सत्याग्रहात होते, हे त्यांनी आम्हाला आधी सांगितलेलं नव्हतं. पुढची काही मिनिटं त्याच बोलल्या. आजोबांना निफाडहून चालत यायला किती वेळ लागला, सोबत भाकरी कुणी बांधून दिली, दारापुढे बसवल्यावर ऊन कसं लागत होतं, हे सगळं त्यांच्या आजीकडून आलेलं. पुढच्या वॉकमध्ये त्या जागी बोलायला आम्ही त्यांनाच बोलावणार आहोत आणि त्यांनी होही म्हटलंय.

आता दुसरा गट उन्हाळ्याआधी येणार आहे. त्यासाठी दोन बदल केलेत. नामावळीच्या वह्या पाहायला गुरुजींनी दुपारची वेळ दिली आहे, एका वेळी पाच माणसं. आणि काकूंच्या ओसरीतल्या त्या खांबाच्या बरोबरीने समोरच्या दोन वाड्यांतल्या खुणाही मैत्रीण मोजते आहे. उंची, दिशा, साल, घरच्यांनी सांगितलेलं. जोतं उतरवून नवी इमारत होण्याआधी ही मापं कागदावर यायला हवीत. गावातल्या कुणाच्या घरी अशी खूण असेल तर आम्हाला बोलवा. टेप आमच्याकडे आहे, तासभर लागतो.